साडेदहाचा रकाना

५ जानेवारी २०२५, रविवार

शहाद्याच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. छातीत कधी धडधडलं, त्याआधी काय खाल्लं, किती वेळ टिकलं, नाडी किती होती, सगळं लिहायचं. वर मला विचारतात, "काका, जमेल ना रोज लिहायला?"

हसूच आलं. तेहतीस वर्षं तापीच्या पाण्याची पातळी मोजली मी. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. प्रकाशा गावच्या घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, मोजपट्टी वाचायची, वर येऊन रकान्यात आकडा लिहायचा. निवृत्त होईपर्यंत एक रकाना रिकामा सोडला नाही. मलेरियाने अंथरुणात होतो तेव्हा रंजना पायऱ्या उतरली. आकडा तिने वाचला, मी पडल्या पडल्या लिहिला. माझ्या बायकोने पाणी मोजलं हे ऑफिसला आजतागायत माहीत नाही.

आजचं: १२.४० जेवण. दादर ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. १.०५ ला ढेकर, पोट तट्ट. १.१० ला छातीत मासा उलटावा तसं झालं. नाडी ८८, मधेच एक ठोका गाळला. दोन मिनिटांत शांत. डॉक्टरांच्या मते गॅस. माझ्याही मते गॅस.

८ जानेवारी, बुधवार

१२.३५ जेवण. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, उडदाची दाळ. १.४० ला मनगटावर बोटं ठेवून बसलो. चाळीसपर्यंत आलो आणि स्वयंपाकघरात ताटली पडली. मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. नाडी ८४, दोन ठोके गाळले.

रंजनाला म्हटलं, मी मोजायला बसतो तेव्हा जरा हळू हात चालव.

भाग्येशचा सुरतेहून फोन. तो तिथे कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि जगातला प्रत्येक आजार त्याच्या मिलमध्ये कोणाला ना कोणाला झालेला असतो. "पप्पा, गॅस गॅस करत माणसं जातात. नंदुरबारला हृदयाच्या डॉक्टरकडे जा." म्हटलं, बघू. खायचा सोडा घेतला, बरं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

त्रास नाही. नाडी ७६.

जेवताना धडधडण्याचा विषय निघाला तर रंजना म्हणाली, "मन्हं बी तसंच व्हस. भाकर गयामा अटकी जास, मंग डोयासमोर अंधारी येस."

घास गळ्यात अडकतो, अंधारी येते, म्हणजे गॅसच. तिला ओव्याचा डबा दिला. चिमूटभर, जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. घरात एकाला गॅस झाला की दुसऱ्यालाही होतो. पाणी एकच, दाळ एकच. शिवाय ती जेवते मी जेवल्यावर, तासाभराने, एकटी, चुलीपाशी. एवढ्या उशिरा खाल्लं की पित्त होणारच. तिच्या आईचंही असंच होतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

पुरणपोळ्या तीन. चूक माझी. १.३० पासून २.१५ पर्यंत मासा उलटत होता. नाडी ९६. मोजताना पुन्हा ताटली. आता मात्र बोललो तिला. बाहेर आली तर कपाळावर डाव्या बाजूला टेंगूळ. कपाटाचं दार लागलं म्हणाली. ते दार मी दिवाळीपासून दुरुस्त करणार आहे.

संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू. तिथे तिच्या घशात तिळाचा लाडू अडकला, बायकांनी पाठीवर थापट्या मारल्या, घरी पोचवायला दोघी आल्या. लाडू फार कडक झाले होते असं सगळ्यांचं मत पडलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

नाडी ८०. त्रास पाच मिनिटं.

रंजना आजकाल भाकर दाळीत भिजवून, पार कालवून खाते. दात दुखतात का विचारलं. नाही म्हणाली. आठवड्याला तीन उपास चालू आहेत तिचे. सोमवार, गुरुवार, आणि आता शनिवारही धरला. पुण्य कमावतेय म्हटलं तर म्हणे, "उपास शे ते बरं वाटस." ब्लाउज सैल झालेत, दंडाला टीप मारत बसली होती.

२० जानेवारी, सोमवार

करणसिंग गेला.

आम्ही दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागलो. मी नदीवर, तो पावसावर. त्याचं काम पर्जन्यमापकातला पाऊस मोजायचं. मी त्याला म्हणायचो, तुझं काम वर्षातून चार महिने, पगार बारा महिने. तो म्हणायचा, नदीत जे येतं ते आधी माझ्या भांड्यात येतं. काल दुपारी जेवला, सुनेला म्हणाला गॅस झालाय, लिंबू-सोडा दे. ती देईपर्यंत खाटेवर आडवा झाला होता. तो उठलाच नाही.

आज सकाळी अग्नी दिला, मी खांदा दिला. घाटावरून येताना छातीत चार वेळा मासा उलटला आणि त्या वेळी माझ्या पोटात काहीही नव्हतं. घाबरलो. वही खरी लिहायची तर हेही लिहायला हवं.

भाग्येशला मीच फोन केला. नंदुरबारचा नंबर लावलाय, २८ तारीख.

२८ जानेवारी, मंगळवार

नंदुरबारला गेलो. डॉक्टर सुषमा गावित, मूळच्या नवापूरकडच्या, वय चाळीसच्या आत. वही त्यांनी पानन् पान चाळली. "काका, असा पेशंट मला पहिल्यांदा भेटला," म्हणाल्या. बरं वाटलं.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूपासून एक मज्जातंतू निघतो. तो गळ्यातून, अन्ननलिकेला चिकटून, छातीतून खाली पोटात जातो. वाटेत हृदयाला फाटा. पोट फुगलं, घास अडकला, तर तो तंतू चाळवतो आणि हृदयालाही निरोप जातो. कोणाचा ठोका आगाऊ पडतो, कोणाचा हळू होतो. बहुतेकांचं निभावतं. "पण गॅस म्हणून सोडून द्यायचं नाही आणि हृदय म्हणून घाबरायचं नाही. मोजून बघायचं," असं म्हणाल्या. मोजून बघायचं म्हटल्यावर आमचं जमलं.

छातीला पाच स्टिकर, पाच वायरी, कमरेला काडेपेटीहून थोडी मोठी डबी. चोवीस तासांचा प्रत्येक ठोका त्यात उतरतो. दानियल नावाच्या मुलाने लावलं. "काका, पाणी लागू द्यायचं नाही. उद्या दोन वाजता आणून द्या, पुढचा पेशंट थांबलाय." एखादा स्टिकर निघाला तर म्हणून पाच जादा दिले आणि एक छापील चिठ्ठी दिली: किती वाजता काय केलं, काय खाल्लं. कोणती वायर कुठे याचं चित्र मी माझ्या वहीत काढून घेतलं. सवय.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, अग्नीच्या दिवसापासून धरून उद्या करणसिंगचं दहावं.

२९ जानेवारी, बुधवार

खांदेकऱ्याने दहाव्याला घाटावर जायचं आणि तापीत बुडी मारायची, ही आमच्याकडची रीत. करणसिंगसाठी मी ती मोडणार नव्हतो. डबी पाण्यात नेता येत नाही. काढून ठेवली तर साडेतीन तास कोरे. डॉक्टर म्हणतील, काका, एवढी वही लिहिलीत आणि इथे ऐन वेळी घोटाळा केलात.

शेवटी जे मलेरियात केलं तेच केलं. रंजनाला म्हटलं, तेवढा वेळ तू लाव.

"मी? मन्हा काय संबंध?"

"ठोका तो ठोका. डबीला काय कळतंय?"

ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं. मी बाहेरून चित्र बघून सांगत होतो: पांढरी उजवीकडे वर, काळी डावीकडे वर, लाल डावीकडे खाली. आतून हसण्याचा आवाज. "आते मी टीव्ही व्हई गयी," म्हणाली. फार दिवसांनी हसली.

८.५५ ला तिला लावलं, १२.२० ला काढून मला. घाटावर गर्दी बरीच. करणसिंगच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पाणी बर्फासारखं, तीन बुड्या मारल्या.

आल्यावर चिठ्ठी भरायला तिला विचारलं, काय काय केलंस? "नऊले चहा. साडेदहाले भाकर खाधी. खाता खाता डोयासमोर अंधारी उनी, जराशी भिंतले टेकी बठनू." अंधारीचं लिहिलं नाही. चिठ्ठी माझ्या नावाची आहे. "१०.३०, जेवण" एवढंच लिहिलं.

दोनला पाच कमी असताना डबी दानियलच्या हातात. एकही रकाना रिकामा नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी तातडीने बोलावलं. या वेळी हसल्या नाहीत.

चोवीस तासांत हृदय पाच वेळा थांबलंय. ठोका गाळणं नव्हे, थांबणं. सगळ्यांत मोठा थांबा सहा सेकंद आणि वर काही. चक्कर येते का? नाही. कधी पडलात का? नाही. "काका, खरं सांगा." खरंच सांगत होतो. त्या कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, या भागात रेषेचा आकारही बदलल्यासारखा दिसतो, स्टिकर हलला असेल. मी म्हटलं, असेल. मला काय ठाऊक, मी तर नदीवाला.

पेसमेकर बसवायला हवा. आजच भरती व्हा म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगा रविवारी येतोय, तो सुरतेला नेईल. रागावल्या, लिहून घेतलं, आणि बजावलं: एकटं राहायचं नाही, घाट उतरायचा नाही, जेवताना कोणीतरी जवळ हवं.

बसमध्ये घड्याळ लावून बघितलं सहा सेकंद म्हणजे किती. एवढ्या वेळात कंडक्टर दोन तिकिटं फाडतो. तेवढा वेळ मी नव्हतो आणि मला पत्ता नाही.

घरी आल्यावर रंजनाला पेटीतले कागद दाखवले. पेन्शनचे कुठे, घराचे कुठे. ती ऐकत होती आणि पदराला डोळे पुसत होती. माझ्यासाठी मऊ खिचडी केली. जेवताना समोर बसून राहिली, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. तू जेव म्हटलं तर भूक नाही म्हणाली.

मरणाची भीती वाटते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वाटू नये असं वाटायचं, पण वाटते.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी.

रिपोर्टची फाइल चौदा पानांची. काल उघडायचा धीर झाला नव्हता. आज चहा घेऊन ओट्यावर बसलो. इंग्रजी आहे, पण आकडे आकडेच असतात. आठव्या पानावर थांब्यांची यादी:

१०.३४
१०.३५
१०.३७
१०.४१
१०.४२

पाचही सकाळचे. पाचही त्या आठ मिनिटांत. बाकी तेवीस तास बावन्न मिनिटं काही नाही, कुठेकुठे आगाऊ ठोका, बस.

माझीच चिठ्ठी शेजारी लावलेली होती. "१०.३०, जेवण." मनात म्हटलं, बरोबर आहे, जेवत होतो. इतका वेळ मी माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवला. साडेदहाला मी जेवत नव्हतो. साडेदहाला मी तापीत होतो, गळ्यापर्यंत.

चहा तसाच राहिला. या वहीची मागची पानं काढली. ८ तारीख, १४ तारीख. न लिहिलेलीही आठवायला लागली. ताटली किती वेळा पडली आणि मी काय लिहिलं: मोजणी चुकली.

१ फेब्रुवारी, दुपार

तिला म्हटलं, ताट वाढ. तुझं.

"पहिले तुम्ही जेवी ल्या."

नाही म्हटलं. ती म्हणाली, आज शनिवार, उपास. म्हटलं, आजचा मोड. असं लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत मी कधी बोललो नव्हतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग चुलीपाशी बसली. मी पाट ओढून शेजारी बसलो आणि तिचा डावा हात हातात घेतला. "हाई काय नवं काढं?" म्हणाली. कोणी बघेल म्हणून दाराकडे बघितलं.

नाडी ७२. एकसारखी. माझ्या नाडीपेक्षा चांगली.

तिने दाळीत कालवलेली भाकर तोंडात घातली. चावली. गिळली. नाडी चालू. दुसरा घास. चालू. माझा जीव भांड्यात पडू लागला. वाटलं, डबीनेच चूक केली असेल, वायर उलटी लागली असेल, मीच बाहेरून सांगितली होती ना. मी म्हटलं, आधी खायचीस तसं खा, भाकर कोरडी घे. तिने कोरडा तुकडा घेतला, वर घोटभर गार पाणी प्यायली.

बोटांखाली काही नाही.

एक. दोन. तिने डोळे मोठे केले, काही सांगायचं असावं तसं. तीन. मान मागे गेली. चार. ताटली पडली. पाच. मी तिला धरलं, तिचं नाव घेऊन ओरडलो. मग बोटांखाली एक ठोका, अवकाशाने दुसरा.

या वेळी मोजणी चुकली नाही.

शुद्धीवर आली ती लाजून. पदर सावरला, सांडलेली दाळ पुसायला लागली. मी पुसू दिलं नाही. विचारलं, कधीपासून?

"तीन वरीस व्हई गयात."

मला सांगितलं का नाहीस?

"सांगं व्हतं ना," ती म्हणाली. "तुम्ही ओवा दिन्हा."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं.

डॉक्टर गावितांना फोन केला. पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं: दहावं, बुडी, पाच जादा स्टिकर. मग भडकल्या. "काका, उद्या सुरतेत तुमच्या छातीत यंत्र बसलं असतं आणि काकू घरी चुलीपाशी!" ऐकून घेतलं. मग हळू आवाजात समजावलं. त्या दिवशी सांगितला तोच तंतू. काकूंच्या घशाखालून घास उतरतो तेव्हा तो हृदयाला 'थांब' असा निरोप देतो, आणि त्यांचं हृदय तो शब्दशः ऐकतं. फार कमी लोकांना होतं. पेसमेकर बसला की थांबू देणार नाही. तोवर फक्त पातळ आणि कोमट, घोट घोट, एकटीने एक घासही नाही. "आणि रविवारची वाट बघायची नाही. आत्ता निघा."

भाग्येशला फोन केला. म्हटलं, आईला घेऊन येतोय. तो म्हणाला, पप्पा, तुम्हाला आणतोय ना? म्हटलं, नाही. सांगतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सुरत.

यंत्र काल बसलं. डाव्या खांद्याखाली, चामडीच्या आत. मोठं ऑपरेशन नाही म्हणतात, तरी ती आत होती तो दीड तास मी काहीही मोजलं नाही. घड्याळाकडे बघायची हिंमत झाली नाही.

बाहेर भाग्येश म्हणाला, "पप्पा, आई तुमच्यासोबत एकाच घरात राहते." या वेळी मिलमधलं उदाहरण दिलं नाही.

तिचा दंड धरून उठवताना कळलं किती हलकी झालीय. उपास म्हणून लिहीत होतो मी. देवाला नव्हती ती भीत, घासाला भीत होती.

नाडी: रंजना ७०. माझी लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. प्रकाशा.

काल तपासणीला नंदुरबारला दोघंही. डॉक्टर गावितांनी आधी रंजनाला तपासलं, मग मला. माझं निदान: पोट फुगल्यावर आगाऊ ठोके, निरुपद्रवी. सावकाश जेवा, रोजचा सोडा बंद, ठेचा कमी. दानियलने लांबूनच विचारलं, "काका, डबी हवी का अजून?" मी मान खाली घातली. रंजना मात्र हसली.

कपाटाचं दार दुरुस्त केलं. तिथे तिला कधीच लागलं नव्हतं हे मला आता माहीत आहे, तरी केलं.

आज १२.३० ला जेवण. पाट दोन मांडले, शेजारी शेजारी. ताट माझ्याआधी तिचं वाढायला लावलं तेव्हा कुरकुरली, "लोक काय म्हनतीन?" म्हटलं, लोकांना ओवा देऊ. तिने दादरची भाकर मोडली, ठेच्याला लावली, कोरडीच तोंडात घातली. मी तिच्या घशाकडे बघत होतो. गिळली. माठातलं गार पाणी प्यायली, अख्खा पेला. पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं.

माझा हात आपोआप तिच्या मनगटाकडे गेला. तिने तो बाजूला सारला.

"आते मोजू नका. जेवा. तुमनी भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

जेवलो. दुसरी भाकर तिने मागून घेतली. दुपारची नाडी लिहायची राहिली.